दांडा कुणाच्या हातातून पडला

तू गेलास त्याला आज पंधरा दिवस झाले, रोहिदास, आणि माझा राग जिथल्या तिथे आहे. वाटलं होतं, तुझी चिता पेटली की तोही निवेल. निवला नाही. उलट आता रागवायला समोर माणूस उरला नाही म्हणून तो घरभर फिरतोय, आणि बायको विचारते, आमटीत मीठ कमी पडलं का म्हणून.

काल आपल्या मंडळाची पोरं घरी आली होती. तुझ्यावर छोटी पुस्तिका काढतायत. "तुम्ही दोघं एकत्र धावायचात, दोन पानं लिहून द्या," म्हणाली. दिली. त्यात तुझी शिस्त आहे, तुझं हसणं आहे, गावासाठी झिजलेले तुझे पाय आहेत. इतकं गोड लिहिलंय की वाचणाऱ्याच्या हाताला मुंग्या लागतील. ते छापून येईल, वहिनी वाचून रडतील. हे तिसरं पान मात्र तुझ्या एकट्याचं. ते मी त्यांना दिलं नाही आणि देणारही नाही.

आपली ओळख कशी झाली ते तू रंगवून सांगायचास, म्हणून मी साधं सांगतो. माझा बाप सावंतवाडीकडून गोव्यात, तुझ्या पाळी गावी आला, खाणीवरच्या ट्रकावर ड्रायव्हर म्हणून. मी त्याच ट्रकावर क्लीनर. एका पहाटे चढणीवर डिझेल संपलं आणि बापाने मला रिकामा डबा देऊन पिटाळलं. पुढे तू धावत होतास, पांढरी चड्डी, पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. मी अनवाणी, हातात डबा खडखडतोय, तुला मागे टाकून गेलो. तू माझ्या मागे धावत गॅरेजपर्यंत आलास. दम लागून वाकलेला, तरी विचारत होतास, "कोण रे तूं? खंयचो?"

दुसऱ्या दिवशी तू मला तुझे जुने कॅनव्हासचे बूट दिलेस. एक नंबर मोठे होते. पुढच्या बाजूला ट्रक पुसायच्या चिंध्या कोंबून मी ते घातले आणि तीन वर्षं घातले. धावून झालं की तुझी आई मला सोप्यावर बसवून उंडो पाव आणि पातळभाजी द्यायची, घरच्या मुलासारखी, आणि वर विचारायची, "आनीक एक?" हे मी विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर सोपं गेलं असतं.

आणि आपलं भांडण. तेव्हा राजभाषेवरून घराघरात कडाकडा वाजत होतं. तू कोकणीचा, मी मराठीचा. आपल्या भागात तुझ्या बाजूचे एका हाताच्या बोटांवर मोजावे इतके, पण तुला त्याचं काहीच नाही. लबाड होतास. सपाटीला गप्प धावायचास आणि चढण लागली की मुद्दा काढायचास, म्हणजे उत्तर देताना माझा दम जावा. मी माझ्या मालवणी वळणात ओरडायचो, तू तुझ्या कोकणीत, आणि वाटेत भेटणाऱ्या बायका हसायच्या, की दोघं बोलतात तर एकच, मग भांडतात कशावर. शेवटच्या चढणीवर तू टाकलेल्या मुद्द्याचं उत्तर मला घरी पोचल्यावर सुचलं होतं. अजून माझ्याकडेच आहे.

मग ती शर्यत आली. गोवा घटकराज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी. पेडण्याहून संध्याकाळी निघायचं, म्हापसा, अस्नोडा, डिचोली, साखळी करत पाळीपर्यंत यायचं आणि त्याच वाटेने उजाडता उजाडता परत पेडण्याला पोचायचं. दिवसा ऊन आणि खनिजाचे ट्रक, म्हणून रात्र. गावोगावचे संघ, संघात आठ जण, प्रत्येकाने दोनदा धावायचं. बाकीच्यांनी टेम्पोत बसून पुढच्या जागी जायचं. बॅटनला आपल्यात दांडो म्हणायचे. दांडा हातातून हातात जायला हवा, रस्त्याला टेकला की संघ बाद. आणि पेडण्याच्या आयोजकांनी आणखी एक नियम काढला होता: ज्याच्या हातून पडला त्याचं नाव सकाळी माइकवरून सांगणार. आळस नको म्हणून.

संघ निवडताना मंडळात माझ्या नावावर लोक अडले. भायलो, म्हणाले, बाहेरचा. खाणीवर आज आहे, उद्या नाही, गावाचा दांडा त्याच्या हातात कशाला? तू कप्तान. तू उठून उभा राहिलास आणि म्हणालास, "लखू भायलो जाल्यार हांवूय भायलो. आमी दोगूय ना." मी नाही तर तूही धावणार नाहीस म्हटल्यावर माझं नाव यादीत लागलं. त्या रात्री मी खोलीवर जाऊन बापाला हे दोनदा सांगितलं. मला शर्यत जिंकायची होती असं लोकांना वाटायचं. मला पाळीचा व्हायचं होतं, रोहिदास. दारावरून जाताना कुणी 'खाणीवरचा पोर' म्हणू नये, एवढंच. तुला ते ठाऊक होतं, कारण मी फक्त तुला सांगितलं होतं.

तारीख पडली ती नेमकी लईराई देवीच्या जत्रेआधीची. तू धोंड, म्हणजे देवीचा व्रती, बापाबरोबर तूही व्रत धरलेलं. पाच दिवस सोवळं, वेगळी चूल, विहिरीवर अंघोळ, कुणाचा स्पर्श नाही. दुसरा कुणी असता तर त्याने नाव मागे घेतलं असतं. तू म्हणालास, होमखणाच्या निखाऱ्यांवरून धावणाऱ्याला डांबराचं काय. लोकांना ते आवडलं. तुझ्या बापालाही आवडलं, पण त्याने बजावलं, सोवळं मोडायचं नाही.

तेव्हा तू मला बाजूला घेतलंस. वेगाच्या हिशेबाने माझ्यानंतर तू धावायचा होतास, म्हणजे दांडा माझ्या हातातून तुझ्या हातात. "रागार जावं नाका रे," म्हणालास. "पांच दीस म्हाका कोणाच्याच हातचें घेवपाक जायना. तूं कठड्यार दवर, हांव उबारतां." दोन्ही खेपांना आपला बदल ओढ्यावरच्या एखाद्या मोरीपाशी येईल असं तू आयोजकांकडून जुळवून घेतलं होतंस. मोरीच्या कठड्यावर मी दांडा ठेवायचा, तू उचलायचास. काळोखात कोण बघतंय.

"आणि दांडो पडलो तर?" मी विचारलं.

"पडचो ना," तू म्हणालास.

मला हसू आलं होतं हे कबूल करतो. घ्यायला तुला सोवळं आड येत होतं, पण तुझ्यापुढच्या गड्याला दांडा देताना तू वरून त्याच्या तळहातावर सोडणार होतास, ते चालत होतं. मी ते बोललो नाही. ज्याने माझ्यासाठी अख्ख्या मंडळाशी वैर घेतलं त्याच्याशी मी सोवळ्यावरून काय वाद घालणार? बोललो असतो तर बरं झालं असतं.

पहिली खेप मात्र काय झाली! साखळीच्या पुढे मी तिघांना मागे टाकलं, कठड्यावर दांडा ठेवला, तू तो उचलून सुटलास ते पाळीत शिरेपर्यंत मागे वळून पाहिलं नाहीस. सगळं गाव रस्त्यावर उभं. मी टेम्पोतून मागोमाग आलो तर लोक माझंही नाव घेत होते. लखू, लखू. अगदी म्हाताऱ्या बायका. मी टेम्पोच्या फळीला धरून उभा होतो आणि मला रडू येत होतं. त्या एका तासाचे उपकार मी तुझ्याकडून घेतले आणि अजून फिटलेले नाहीत. हेही लिहून ठेवतो, नाहीतर म्हणशील, वाईट तेवढंच आठवतो.

परतीच्या वाटेवर अस्नोड्याच्या अलीकडे आपण सर्वांच्या पुढे होतो. पहाटेचे चार वाजायला आले असतील. मी मोरीपाशी पोचलो, तू वाकून तयार उभा. मी कठड्यावर दांडा ठेवला. तो कठडा पावसाचं पाणी ओघळून जावं म्हणून रस्त्याकडे उतरता बांधलेला होता. हे तू दिवसा बघून ठेवायला हवं होतंस, कप्तान तू. दांडा गडगडला. तू हात घातलास, पण उशिरा. डांबरावर पडून तो टणटण वाजत गेला, आणि तेवढ्यात मागून पंचांची जीप आली. तिच्या उजेडात सगळ्यांनी पाहिलं, दांडा रस्त्यावर आणि आपण दोघं दोन बाजूंना.

पंच खाली उतरले. हातात वही. "कोणाच्या हातांतल्यान पडलो?"

मी तुझ्याकडे पाहिलं. मला खात्री होती तू सांगशील. व्रतात आहे, मीच तसं ठेवायला सांगितलं, चूक माझी. तुझ्यासाठी दोन वाक्यांचं काम होतं. तू माझ्याकडे पाहिलंस, मग टेम्पोतून उतरणाऱ्या पोरांकडे, मग पंचांकडे.

"लखूच्या," म्हणालास.

मी गप्प राहिलो. नंतर मी स्वतःलाच विचारायचो, तेव्हाच का बोललो नाही? कारण मला वाटलं तू अजून पुढे बोलशील. मी वाक्य पुरं व्हायची वाट पाहत होतो. अजून पाहतोय.

सकाळी पेडण्याला माइकवरून माझं नाव घेतलं, बापाच्या नावासकट. परत येताना टेम्पोत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. गावात शिरलो तेव्हा कालच्याच म्हाताऱ्या दारात होत्या. "भायल्याच्या हातांत दांडो दिलो, आनी कितें जातलें?" त्यातल्या एकीने दुसरीला सांगितलं, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. तू पुढच्या बाकावर होतास. तुलाही ऐकू गेलं. घरी आल्यावर बापाला मी खरं सांगितलं. तो बिडी पेटवत म्हणाला, "गप ऱ्हव. आपण भायले. आपल्या तोंडातला खरा पण हयसर खोटा दिसता. आणि देवीच्या व्रताक नाव ठेवलस तर हयसून बिऱ्हाड हलवचा लागात."

तू असं का केलंस ते मला कळलं नव्हतं असं समजू नकोस. व्रतापायी गाव हरलं असं झालं असतं तर तुझ्या बापाला धोंडांत मान वर करता आली नसती. देवीचं नाव राखायचं तर कुणाचं तरी जायला हवं होतं. माझं जवळ होतं आणि त्याला गावात कुणी वाली नव्हता. तू वाईट माणूस असतास तर मी तुला विसरून गेलो असतो. तू चांगला होतास आणि तू हे केलंस, म्हणून मी सोडलं नाही.

जत्रेला मी शिरगावला आलो होतो, ते तुला माहीत नाही. पहाटे होमखणाभोवती गर्दीत मागे उभा होतो. तू येताना दिसलास, हातात वेताचा बेत, गळ्यात मोगरीच्या कळ्यांचे हार. तुझे पाय भाजावेत असं मी मागितलं. देवीकडेच मागितलं, दुसऱ्या कुणाकडे मागणार? तू निखाऱ्यांवरून निघून गेलास, पलीकडे उभा राहून हात जोडलेस, पायाला साधा फोड नाही. त्यानंतर मी पुन्हा कधी शिरगावला गेलो नाही.

मग मी माझ्या हाताने सुरुवात केली. बापाच्या जागी मी ट्रकावर बसलो आणि तुझ्या घरावरून दिवसाला सहा खेपा मारू लागलो. मे महिन्यात वहिनी अंगणात कोकमाची सोलं सुकत घालायच्या. मी दुरून बघायचो आणि नेमका तिथे जोर द्यायचो. लाल धुळीचा लोट तुझ्या जनेलातून आत शिरायचा. धुतलेली धोतरं पुन्हा धुवावी लागायची. एकदा वहिनी रस्त्यात येऊन उभ्या राहिल्या, मी हॉर्न दाबून धरला. तू ओट्यावर होतास. उठलास, त्यांना हाताला धरून आत घेऊन गेलास, आणि माझ्याकडे पाहिलंही नाहीस. तू शिवी दिली असतीस तर मी त्या दिवशी थांबलो असतो.

तू पंचायतीला उभा राहिलास तेव्हा तुझ्या विरुद्ध माणसाला मी माझा ट्रक दिला. खाणीवरचे सगळे मतदार मी आणले, एकेकाला हात देऊन वर चढवलं, पाणी पाजलं. तू पडलास. त्या रात्री मी दारावरून जाताना मुद्दाम गाडी हळू केली. तुझ्या सोप्यावर दिवा होता आणि तू एकटाच खुर्चीवर बसला होतास. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं, आणि घरी जाऊन मला ते कुणाला सांगता येईना. असली गोष्ट मी एकेकाळी तुलाच सांगितली असती.

अशी वीस वर्षं गेली. मग तुझी किडनी गेली. आठवड्यातून दोनदा तुला बांबोळीच्या इस्पितळात नेताना मी बघायचो, गाडीच्या मागच्या सीटवर, तोंड सुजलेलं. ज्या पायांनी मला गॅरेजपर्यंत गाठलं होतं ते पाय आता उचलून आत ठेवावे लागत. वहिनी आमच्या दारात आल्या. ज्या बाईच्या सोलांवर मी धूळ उडवली ती बाई माझ्या दारात उभी. "लखूदादा, ते तुमची याद काडटात. एक पावट तरी येवन वचात." मी म्हटलं, येतो. गेलो नाही. त्या पुन्हा आल्या. मी पुन्हा म्हटलं, येतो. तिसऱ्यांदा त्यांनी निरोप धाडला, तेव्हा मी तुझ्या घरावरून गाडी नेली आणि दोनदा हॉर्न वाजवला, म्हणजे तुला कळावं, मी इथे आहे आणि येत नाहीये. तुला वाट पाहायला लावायची होती. वाट पाहणं काय असतं ते कळू दे, असं ठरवलं होतं. पुढच्या सोमवारी यायचं ठरवलं होतं मी. खरंच. शुक्रवारी तू गेलास.

म्हणजे शेवटीही तूच पुढे गेलास आणि मी रस्त्यात उभा. स्मशानात मी सगळ्यांच्या मागे चाललो, खांदा दिला नाही. लोकांनी मान फिरवून पाहिलं. पाहू देत म्हटलं. पण लाकडं रचताना तुझे पाय उघडे दिसले, बारीक, काठीसारखे झालेले, आणि मला एकदम तिथून पळून जावंसं वाटलं. एका झाडाला धरून उभा राहिलो.

बाराव्याला मात्र आलो. जेवलो. हात धुवायला मागे गेलो तर तुझा अमेय तिथे उभा. तुझंच कपाळ, तुझीच उभं राहायची तऱ्हा, एका पायावर भार टाकून. म्हणाला, "काका, बाबान मरच्या आदीं म्हाका एक सांगलां. दांड्याचें लखूक विचार, म्हणालो. तो सांगता तें सगळ्यांमुखार सांग." आणि मग, जरा घाबरतच, "कितें जाल्लें त्या रातीं?"

सोप्यावर आपल्या संघातले चौघे बसले होते. म्हातारे धोंड होते. मंडळाचे लोक होते. अमेयचं बोलणं ऐकून सगळे आमच्याकडे बघत होते. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते ताटात वाढून समोर आलं होतं. अमेयला एक वाक्य सांगायचं, 'कठड्यावर ठेव असं तुझ्या बापानेच मला सांगितलं होतं.' पोर चारचौघांत बोलला असता, कुणी हूं की चूं केलं नसतं. माझा बाप असता तर त्याला घरी जाऊन सांगितलं असतं, की झालो एकदाचा पाळीचा.

तोंड उघडलं आणि लक्षात आलं, तू पुन्हा तेच केलंस. सांगायचं तुला होतं. तुझ्या तोंडाने, तू जिवंत असताना, लोकांच्या देखत. ते सोडून तू मला सांगायला ठेवलंस आणि स्वतः निघून गेलास. मी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? लोक म्हणाले असते, बघा, मरताना तरी मन मोकळं केलं, केवढा सच्चा माणूस. वहिनींनी फोटोपुढे डोकं टेकलं असतं. वीस वर्षं जळलो मी, आणि शेवटी सच्चा तू. तू हलका होऊन गेला असतास, आणि मी त्यासाठी तुला हात दिला असता.

"काय नाय रे बाळा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "दांडो माझ्याच हातातसून पडलेलो. तुझ्या बापाशीन पंचांका खराच सांगितल्यान."

अमेयने केवढा तरी श्वास सोडला. इतके दिवस त्याला कसली भीती वाटत होती कोण जाणे. त्याने वळून सोप्यावरच्या सगळ्यांना ते पुन्हा सांगितलं, तू सांगितलं होतंस तसं, शब्दाला शब्द. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांना नवीन काहीच नव्हतं. मग तो परत आला आणि माझ्या पाया पडला. "काका, तुमचें मन व्हड," म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले.

मी त्याला उठवून जवळ घेतलं. माफी मागायला तुला सगळ्या जगात एकच माणूस होता, रोहिदास, आणि त्याने तुझ्याच अंगणात उभं राहून सांगून टाकलं, की तुझी काही चूकच नव्हती.